मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले

खडपवाडी, ११ जानेवारी १९५५

काशिनाथ भावजी यांस,

इथे नमस्कार लिहायचा असतो. ती जागा मोकळी सोडली आहे.

तुमचं पत्र पोचलं. गोदीत काम लागलं, खोलीत आपल्या गावचे सहाजण आहेत, मांडवाडीच्या परशुरामाच्या चुलत्याने शब्द टाकला म्हणून सगळं जमलं, हे वाचलं. भावजी, हे लिहिताना तुमचा हात अडखळला नाही का? तुमच्या सख्ख्या भावाच्या डोक्यात ज्याने वल्हं घातलं, त्याच्या चुलत्याच्या शब्दावर तुम्ही पोटाला लागलात. आणि वर मला लिहिता, की वहिनी, झालं ते विसरा. तुम्ही किती दिवसांत विसरलात तेवढं कळवा, म्हणजे मलाही अंदाज येईल.

त्या दिवशी किनाऱ्यावर दोन्ही वाड्यांची मिळून साठ-सत्तर माणसं होती. बांगडा आला होता, आणि किनाऱ्यावरून जाळं ओढायची रापण आधी कोणाची लागायची, आपल्या खडपवाडीची की त्यांच्या मांडवाडीची, यावरून जुंपली. तुमचे दादा सोडवायला गेले. तुम्ही त्यांच्यासोबत एकाच दोराला होता. मला निरोप आला की खडपावर पाय घसरला. त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं होतं. जखम माझ्या चार बोटांएवढी होती आणि तिची कड सरळ होती. खडपाचा दगड असा सरळ कापत नाही, हे किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला कोणी शिकवायला नको.

शेजारची हौसाबाई माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "परशुरामान मारल्यान गो, माज्या डोळ्यांनी बघलंय." तिसऱ्या दिवशी दोन्ही वाड्या देवळात जमल्या. देवापुढे नारळ ठेवला, आणि घरटी एक पुरुष पुढे येऊन त्यावर हात ठेवून सांगून गेला की पाय घसरला. हौसाबाईच्या घोवाने सांगितलं की आमच्यातलं कोणी किनाऱ्यावर नव्हतंच. ठरलं असं, की एक दिवस त्यांची रापण, एक दिवस आपली. पोलीस नको, कोर्ट नको, गावात शांती. फौजदार आला तेव्हा त्याला साठ तोंडांनी एकच गोष्ट ऐकवली. त्याने तरी काय लिहायचं?

आपल्या घरातून नारळावर हात तुम्ही ठेवलात. मयताचा भाऊच म्हणतो घसरला, म्हटल्यावर बाकीच्यांचं काम सोपं झालं. मी बाई, मला देवळाच्या पायऱ्यांखाली बसवलं होतं. तिथूनही तुमचा आवाज स्पष्ट ऐकू आला, एवढा मोठ्याने तुम्ही बोललात.

सरला चार वर्षांची आहे. ती बरी आहे.

सुगंधा

खडपवाडी, ३ मार्च १९५८

काशिनाथ भावजी यांस,

गावाची खुशाली विचारता म्हणून सांगते. गाव खुशाल आहे. तीन वर्षं झाली, किनाऱ्यावर साधी शिवी ऐकू आलेली नाही. एक दिवस त्यांचा, एक दिवस आपला, यात एकदासुद्धा चुकी झाली नाही. गेल्या वैशाखात आपल्या वाडीतली मुलगी मांडवाडीत दिली. लोक देवाचे आभार मानतात. मी म्हणत नाही की शांती वाईट आहे. पोरांच्या ताटात मासळी येते, बायकांना जीव मुठीत धरून किनाऱ्याकडे डोळे लावावे लागत नाहीत. फक्त ती सगळी शांती माझ्या एकटीच्या छातीवर पाय देऊन उभी आहे, आणि मला म्हणतात हलू नको, पडेल.

परशुराम त्यांच्या रापणीचा वाटा न चुकता माझ्या दारात पाठवतो. तोही ठरावातलाच भाग म्हणे, मला कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी टोपली फेकून देणार होते. मग सुचलं, की परत केली तर भांडण माझ्या नावावर लागेल. म्हणून घेते, आणि परसात जाऊन माडाच्या मुळात पुरते. माड चांगले लागले आहेत. वाडीतल्या बायका म्हणतात, सुगंधेचा हात गुणाचा. मी मान हलवते.

मला गावात सगळे गरीब गाय म्हणतात. कधी कोणाला उलट बोलली नाही, कधी बोट दाखवलं नाही, अशी विधवा असावी तर सुगंधेसारखी. परशुरामाचा बाप, तो देवळातला मानकरी, त्याने हे माझ्या तोंडावर म्हटलं. मी पदर सावरून खाली बघितलं. त्याला वाटलं लाजले.

सरला शाळेत जाते. परवा गुरुजींनी तिला वडील काय करतात विचारलं. ती म्हणाली, बाबा खडपावर घसरून वारले. मला घरी येऊन तसंच सांगितलं, पाढे म्हणावेत तसं. भावजी, मी तिला खरं सांगू शकले नाही. सांगितलं आणि तिने शाळेत बोलून दाखवलं, तर साठ घरं मिळून तिला खोटी पाडतील, आणि त्यात पहिलं घर तिच्या काकाचं असेल.

तुम्ही लग्न केल्याचं कळलं. आमंत्रण मांडवाडीला पोचलं, आमच्यापर्यंत यायला त्याला वाट सापडली नसेल.

सुगंधा

खडपवाडी, २० जानेवारी १९६१

काशिनाथ भावजी यांस,

तीन वर्षं मी लिहिलं नाही. आता काम आहे म्हणून लिहिते.

गावात ग्रामपंचायत येते आहे. मतदान पुढच्या महिन्यात आहे. कागद आल्याबरोबर जाणती मंडळी देवळात बसली आणि ठरवलं की निवडणूक बिनविरोध करायची. मानकरी म्हणाला, मत म्हटलं की दोन बाजू, आणि दोन बाजू झाल्या की वल्ही निघतात. सहा वर्षं गाव शांत आहे ते कोणाला बघवत नाही काय? मग देवाला कौल लावला. आपल्या किनाऱ्याच्या वॉर्डातून परशुरामाने जावं काय, असं विचारलं, आणि उजवा कौल मिळाला. देवापुढे नाव एकच ठेवलेलं. डावा मिळाला असता तर दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं असतं, मला माहीत नाही काय? परशुरामच सरपंच व्हायचा, हेही तिथेच ठरलं.

आपल्या वॉर्डात दोन जागा आहेत. एक बायकांची, आणि दुसरी सगळे म्हणतात पुरुषांची. बायकांच्या जागेसाठी माझं नाव काढलं. चौघेजण दारात आले, मानकरी स्वतः आला. म्हणाला, "तुजा नाव घालतंव. सही तेवडी कर, बाकी तुका काय करूचा नाय." गरीब गाय त्यांना चांगली ओळखीची. मी म्हटलं, विचार करून सांगते.

मंगळवारी शाळेत ग्रामसेवक बसतो. जयराम त्याचं नाव, तळेऱ्याचा आहे, चष्मा लावतो आणि प्रत्येक गोष्ट दोनदा वाचतो. त्याला म्हटलं, तो कागद मला मोठ्याने वाचून दाखवा, आणि ही दुसरी जागा पुरुषांची असं कुठे लिहिलंय ते दाखवा. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग म्हणाला, बाई, असं कुठेच लिहिलेलं नाही. तिला सर्वसाधारण जागा म्हणतात, कोणीही उभं राहू शकतं. अख्ख्या गावाने वाचायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मी तिथेच बसून अर्ज भरला. बायकांच्या जागेला नाही, परशुरामाच्या समोर.

सूचक म्हणून बाबलीने अंगठा दिला. आपल्या रापणीचा म्हातारा म्होरक्या बाबली, हो, तोच. का दिलास म्हणून मी विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही.

आता गावाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आहेत. पाण्यावर जाते तर बायका बाजूला होतात. मानकरी सांगत फिरतो की ही बाई गावात रक्त सांडणार. तुमच्यापासून काय लपवू, मला विहीर बांधायची नाही की बंदरावर दिवा लावायचा नाही. मला त्याला पाडायचा आहे, सगळ्यांच्या देखत, मोजून.

तुमचं नाव अजून गावच्या यादीत आहे. बोट चालू आहे. भाऊ म्हणून एक दिवस या. नारळावर हात ठेवायचा नाही, कोणी बघणार नाही, पेटीत कागद टाकायचा आहे. एवढं तरी जमेल.

सुगंधा

खडपवाडी, २६ फेब्रुवारी १९६१

काशिनाथ भावजी यांस,

तुम्ही आलात. परशुरामाच्या चुलत्याने मुंबईहून आणलेल्या बावीस चाकरमान्यांत तुम्ही होता. मांडवाडीत जेवलात, मत टाकलंत, दुसऱ्या दिवशी बोटीवर चढलात. शाळेच्या फाटकाशी सरला उभी होती, तिच्या हातात खाऊचा पुडा दिलात आणि म्हणालात, "वयनीक सांग, मी येवन गेलंय." सांगितलं तिने.

त्या दिवसाचं पुढचं सांगते, आणि आधी माझं पाप सांगते. मतदानाच्या आदल्या दिवशी मी आपल्या वाडीत पसरवलं की मांडवाडीवाले पेटी पळवणार आहेत. खोटं होतं. मला वाटलं, आपले गडी वल्ही घेऊन येतील, तेही काढतील, आणि निदान एकदा गावाला दिसेल की यांची शांती कशावर उभी आहे. कोणाचं डोकं फुटेल याचा विचार मनात आला नव्हता असं नाही. आला होता. फुटलं तर फुटू दे, म्हटलं.

थोड्या वेळाने बाबली माझ्या पडवीत येऊन बसला. पाणी मागितलं, प्याला, आणि म्हणाला, "सुगंधा, तुका काय व्हया ता आमका ठावक आसा. आमी मत घालूक येतलंव. वल्ही घेवन येवचंव नाय." भांडं खाली ठेवलं आणि गेला. मला तो खोटारडी म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

आणि तसंच झालं. दोन्ही वाड्यांची माणसं उन्हात एका रांगेत उभी राहिली. देवळातल्या त्या दिवसानंतर इतकी माणसं एका जागी मी पहिल्यांदाच पाहिली. कोणी कोणाला ढकललं नाही. मांडवाडीच्या एका म्हाताऱ्याला ऊन लागलं तर आपल्या लोकांनी त्याला पुढे जाऊ दिलं. मानकरी म्हणायचा मत पडलं की गाव फुटेल. गाव ढिम्म. आता त्या म्हणण्याचं काय करायचं, ते त्याने आपलं बघावं. मलाही राग आला हे कबूल करते, कारण माझीही तीच आशा होती.

मोजणी झाली. परशुराम सत्त्याण्णव, मी एकेचाळीस, तीन मतं बाद. एकट्या खडपवाडीचीच मतं सत्तरच्या वर आहेत, म्हणजे आपल्यातल्या कितीतरी हातांनी त्याला मत दिलं. मी घरी आले आणि दार लावून रडले. सहा वर्षांत पहिल्यांदा रडले, खोटं कशाला सांगू.

मग बाहेर त्याची मिरवणूक आली म्हणून खिडकीशी गेले. गळ्यात हार होते, पुढे ढोल होता, आणि तो हसत नव्हता, भावजी. एकेका तोंडाकडे बघत चालला होता. आपल्या लोकांकडे बघत होता तसाच स्वतःच्या भावांकडे, मेहुण्याकडेही बघत होता. तो एकेचाळीस जण शोधत होता. तेव्हा माझं रडं थांबलं. त्या साठ घरांतले एकेचाळीस हात त्याला नको म्हणाले, आणि त्यातले किती त्याच्याबरोबर पंगतीला बसतात हे त्याला मरेपर्यंत कळायचं नाही. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

सुगंधा

खडपवाडी, १४ जून १९६१

काशिनाथ भावजी यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही लिहिता, वहिनी, शपथेवर सांगतो, माझं मत तुम्हालाच होतं. चुलत्याच्या धाकाने घरी आलो नाही, पण पेटीपाशी खोटं केलं नाही.

भावजी, माझ्या दारात येऊन हेच कानात सांगून गेलेली माणसं मी मोजली आहेत. अठ्ठावन्न झाली. मतं एकेचाळीस. हौसाबाई तर दोनदा सांगून गेली. तुमचं एकोणसाठावं. खरं असेल, खोटं असेल, मला कळायला मार्ग नाही आणि तुमच्याकडे दाखवायला काही नाही. जरा परशुरामासारखंच राहून बघा आता. मी तुमच्यावर विश्वास ठेवला की नाही, हे तुम्हालाही कळायचं नाही.

आणि विश्वास ठेवला तरी त्याचं मी काय करू? पेटीतलं मत पेटीत राहिलं. सरलेला मी काय दाखवू, कागदावरची फुली? तिला माणूस पाहिजे, उभा राहून बोलणारा.

ते मी आता दुसऱ्या रस्त्याने मागायला लागले आहे. निवडून आले असते तर जयरामाने मला जे समजावलं असतं, ते पडल्यावर समजावलं. वर्षातून दोनदा गावाची सभा घ्यावीच लागते. तीत गावातला कोणीही उठून प्रश्न विचारू शकतो, हरलेलासुद्धा, बाईसुद्धा. आणि विचारलेलं लिहून ठेवावं लागतं.

गेल्या महिन्यात पहिली सभा झाली. खुर्चीवर सरपंच परशुराम. विहिरीचं झालं, बंदराच्या वाटेचं झालं, मग जयराम म्हणाला, आणखी कोणाला काही विचारायचं आहे का? मी उठले. म्हटलं, "माज्या घोवाक कोणी मारल्यान, ता माका हय सांगा."

कल्लोळ झाला. मानकरी ओरडला की हा पंचायतीचा विषय नव्हे. जयरामाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, उत्तर द्यायचं की नाही ते सभेने बघावं, प्रश्न विचारला गेला तो मला लिहावा लागेल. मग मला विचारलं, बाई, यजमानांचं नाव काय? सगळे माझ्याकडे बघायला लागले. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर ते नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. मी सांगितलं, शिवा गणू तारी. मोठ्याने सांगितलं. देवळात तुमचा जेवढा आवाज लागला होता, तेवढाच माझाही लागला.

कोणी उत्तर दिलं नाही. बाबली जमिनीकडे बघत बसला. परशुराम म्हणाला, "फुडचो विषय." पुढचा विषय नव्हताच. सभा उठली, सगळे आपापल्या घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे त्यांची रापण लागली. गाव अजूनही फुटला नाही, भावजी. एवढं सहन करायची ताकद त्याच्यात पहिल्यापासून होती. मग माझी सहा वर्षं कशाला घेतली?

सुगंधा

खडपवाडी, १९ एप्रिल १९६२

काशिनाथ भावजी यांस,

दुसरी सभा नोव्हेंबरात झाली. सभेच्या सुरुवातीला मागच्या सभेत काय घडलं ते वाचायचं असतं. जयराम तापाने पडला होता, वही लिहायला शाळेचे गुरुजी बसले होते. मानकरी म्हणाला, वाचायचं राहू दे. बाबली मागून म्हणाला, नियम असेल तर वाचा. वही सरपंचासमोर होती. परशुराम तिसरीपर्यंत शिकलाय, बोट धरून वाचतो. विहीर वाचली, बंदराची वाट वाचली. मग बोट थांबलं. सगळी सभा त्या बोटाकडे बघत होती. मग त्याने वाचलं:

"श्रीमती सुगंधा तारी यांनी विचारले की त्यांचे पती कै. शिवा गणू तारी यांस कोणी मारले. हजर असलेल्यांपैकी कोणीही उत्तर दिले नाही."

त्याच्या तोंडून. एकेक शब्द सुटा करून. मग इतिवृत्त कायम झालं म्हणून खाली सही करायची असते, तीही त्याने केली. नंतर मी उठले आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. तोही लिहिला गेला. जयराम म्हणतो, यापुढेही सरपंचानेच वाचायचं, म्हणजे येत्या सभेत तो पुन्हा वाचायचा, पुन्हा सही करायची. पंचायत आहे तोवर हे असंच चालेल.

होळीनंतर एका सकाळी परशुराम माझ्या दारात आला. सात वर्षांत पहिल्यांदा स्वतः आला. केस पिकलेत. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "वयनी, माका झोप नाय. मी खुर्ची सोडतंय. तू ह्या बंद कर." मी म्हटलं, "खुर्ची सोडू नको. वाचूचा तुकाच आसा." आणि दार लावून घेतलं. दया आली असं समजू नका. येईल अशी भीती वाटली, म्हणून लावलं.

आता तुमच्याविषयी. माझा प्रश्न मी बदलला आहे. जयरामाकडून नीट लिहून घेतला आहे: "काशिनाथ गणू तारी, राहणार मुंबई, हे त्या दिवशी आपल्या भावाशेजारी उभे होते. त्यांनी काय पाहिले?" यावेळी मी हा विचारणार. तुमचं नाव वहीत जाईल, आणि दर सहा महिन्यांनी परशुराम ते गावाला वाचून दाखवील. ज्याच्या चुलत्याच्या शब्दावर तुमचा संसार उभा राहिला, त्याच्या तोंडून.

सभा सहा मेला, रविवारी, सकाळी दहा वाजता शाळेत आहे. बोट त्या महिनाअखेरपर्यंत चालू आहे. आलात तर तुम्ही जे बोलाल ते लिहिलं जाईल. नाही आलात तर उत्तर मिळाले नाही असं लिहिलं जाईल.

सरला बारा वर्षांची झाली. आता चांगलं वाचते. जयराम म्हणतो, ती वही गावातलं कोणीही मागून बघू शकतं. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, नुसतं म्हटलंय की सभा झाली की दुसऱ्या दिवशी जाऊन वही मागून वाच. तिच्या काकाचं नाव तिथे कुठल्या वाक्यात असावं, ते तुम्ही ठरवा.

सुगंधा शिवा तारी